मद्यपाशमुक्ती सभा (रबाळे परिसर)

दारू सोडू इच्छिणाऱ्या आणि सोडलेल्या व्यक्ती एकमेकांच्या आधारासाठी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी एकत्र येतात, त्या बैठकीला मद्यपाशमुक्ती सभा म्हणतात. सभासदांच्या बोलण्यात ती नुसती ‘मीटिंग’ असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या बंधुसंघाच्या सभा त्यांत सर्वांत परिचित आहेत.

पूर्वपीठिका : न्यूयॉर्कचे शेअर व्यावसायिक बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांनी अमेरिकेतील अॅक्रन शहरी एए सुरू केली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस तिचा स्थापनादिन मानतात. भारतात एए १९५७ पासून आहे. मुंबई परिसरात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य सावरायला एएसारखे गट लागतात.

गरज : केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्याच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ५.७ कोटी होती. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. ही दरी कमी करायला बिनखर्चाची, घराजवळची सभा मोठा हातभार लावते.

सभा कशी शोधावी : रबाळे हे ठाणे–वाशी रेल्वेमार्गावरील ऐरोली आणि घणसोली यांच्यामधले स्थानक आहे. त्यामुळे शोध रबाळ्यापुरता न ठेवता ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी आणि ठाणे येथील सभाही पाहाव्यात. एए इंडियाच्या यादीत गटाचे नाव, पत्ता, वार, वेळ आणि भाषा दिलेली असते. सभा बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात. शाळेची सुट्टी वा सण आला की जागा बदलू शकते. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी. पत्ता हाती नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर उपचारांची माहिती मिळते.

इथल्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील कामगाराने आपली पाळी पाहून गट निवडावा. नावाजलेल्या पण लांबच्या गटापेक्षा दर आठवड्याला न चुकता गाठता येईल असा गट बरा. रात्रपाळी असेल, तर सकाळची किंवा ऑनलाइन सभा शोधावी. भाषेचाही विचार करावा. मनातले दुःख ज्या भाषेत सहज बोलता येते, त्या भाषेच्या गटातच माणूस टिकतो.

सभेचे स्वरूप : ‘खुल्या’ सभेला नातेवाईक किंवा कुणीही इच्छुक बसू शकतो, ‘बंद’ सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. सभासदत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही. खर्चासाठी सभासद स्वखुशीने पैसे टाकतात. नवख्याने टाकलेच पाहिजेत असे नाही. ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ एवढी ओळख देऊन प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी गप्प बसून नुसते ऐकले तरी चालते. पुढे बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आणि तो समजावून देणारा जुना सभासद, म्हणजे ‘स्पॉन्सर’, यांची साथ मिळते. जन्मभराची शपथ घालत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवायचे असते.

गुप्तता : कारखान्यातला किंवा चाळीतला कुणी ओळखीचा भेटेल, या धास्तीने अनेक जण दारातून परततात. सभेत कोण होते आणि काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, हा एएचा पाया आहे. शिवाय तिथे भेटलेला ओळखीचा माणूसही बहुधा त्याच दुखण्यावर उपाय शोधत आलेला असतो.

वैद्यकीय मदत : रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, एकट्याने दारू बंद करणे धोक्याचे असते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे, फिट येणे, भास होणे अशी लक्षणे दिसू शकतात. फिट किंवा भास सुरू झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. हा धोका टाळण्यासाठी आधी डॉक्टरांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या देखरेखीखाली दारू थांबवावी. औषधोपचार आणि सभा एकमेकांना पूरक आहेत. कॉक्रन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच किंवा त्यांहून सरस आढळले.

कुटुंबीय : जोडीदार व नातलगांसाठी अल-अनॉन (स्थापना १९५१) हे स्वतंत्र गट आहेत. पिणारा तयार नसला, तरी घरच्यांनी तिथे जाण्यास हरकत नाही. त्यांचा त्रासही खरा आहे आणि त्यांनाही आधाराचा हक्क आहे.

पुन्हा पिणे : सोडलेली दारू परत सुरू झाली, तरी सभेचे दार बंद होत नाही. लाज वाटून घरी बसण्यापेक्षा पुढच्याच सभेला जावे. एखाद्या गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. दोन-तीन गट अनुभवल्याशिवाय ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवू नये.