सोलापूरचा लष्करी कायदा आणि लपविलेलें पिस्तूल

जुन्या शस्त्रांकडे आपल्या संग्राहकांचें लक्ष असतें तें बहुधा पात्याच्या जातीकडे, मुठीच्या नक्षीकडे व त्यावर कांहीं लेख असल्यास त्या लेखाकडे. शस्त्राचा धनी तें केव्हां अंगावर घेई, केव्हां घरीं ठेवी आणि केव्हां कपड्याखालीं लपवी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या प्रश्नाचें एक उदाहरण मात्र सर्वांस ठाऊक आहे. ता. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीस निघतांना शिवाजीमहाराजांनीं बिचवा व वाघनख बरोबर घेतल्याचें सभासद सांगतो. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत मात्र महाराज तरवार व पट्टा घेऊन उघड गेलेले दिसतात. ह्या दोन साधनांचा मेळ घालण्याचें हें स्थळ नव्हे. येथें इतकेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, त्या काळीं शस्त्र लपवावें कीं न लपवावें हा प्रश्न भेटीच्या अटींचा व परस्परांवरील विश्वासाचा होता. राज्याच्या कायद्याचा नव्हता. तो कायद्याचा झाला इंग्रजी अमदानींत. आणि त्या स्थित्यंतराचा शेवटचा व सर्वांत तीव्र अंक सोलापूरच्या १९३० सालच्या प्रकरणाशीं जोडलेला आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

प्रथम कायदा पाहूं. १८५७ च्या उठावानंतर १८५७ चा अठ्ठाविसावा व १८६० चा एकतिसावा असे दोन कायदे झाले, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा, म्हणजे प्रसिद्ध हत्यारांचा कायदा, अमलांत आला. ह्या कायद्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें गेलें. त्याचीं कलमें मात्र थोड्यांनींच लावून पाहिलीं असावींत. तेराव्या कलमानें परवान्यावांचून कोणतेंही हत्यार घेऊन हिंडण्यास बंदी केली. हत्यार म्हणजे बंदूक-पिस्तूलच नव्हे, तरवार, खंजीर, भाला, धनुष्यबाणसुद्धां. चौदाव्या कलमानें बंदूक, पिस्तूल व दारूगोळा नुसता घरांत बाळगण्यासही परवाना लागूं लागला. परंतु तरवारीसारखीं इतर हत्यारें घरांत ठेवण्याची बंदी फक्त खास निःशस्त्र केलेल्या प्रांतांपुरतीच होती. म्हणून खंडेनवमीस घरची तरवार पुजण्यास इतर ठिकाणीं हरकत नव्हती. हरकत होती ती तरवार कमरेला लावून रस्त्यावर येण्यास.

हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण आपल्या विषयाचें मूळ त्यांतच आहे. तरवारवाल्याचा गुन्हा घराच्या उंबरठ्यावर सुरू होई. उंबरठा ओलांडण्यापूर्वीं त्यास विचार करण्यास जागा होती. पिस्तुलवाल्याचा गुन्हा पिस्तूल हातीं आलें त्याच क्षणीं पुरा होई. तें घेऊन बाहेर पडण्याचा विचार त्यानें केला असो वा नसो. त्यावर विसाव्या कलमाची भर होती. बेकायदा हत्यार बनविणें, विकणें, परदेशांतून आणणें, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें किंवा बाळगणें हें जर सरकारी नोकरास, रेल्वेच्या नोकरास अथवा सार्वजनिक वाहतूक करणाराच्या माणसास कळूं नये अशा बेतानें केलें असेल, तर तीन वर्षांच्या ऐवजीं सात वर्षेंपर्यंत शिक्षा. रेल्वेच्या नोकराचा असा स्पष्ट उल्लेख कायद्यांत यावा ह्यावरून प्रवासांतील हत्याराची सरकारास केवढी धास्ती होती तें दिसतें. शिवाय सत्ताविसाव्या कलमाखालीं माफीची सवलत होती. युरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन व कांहीं मानाचे संस्थानिक-सरदार ह्यांस परवान्याची गरज नव्हती. माफीतील हा जातिभेद १९२० च्या नव्या नियमांनीं कागदावरून गेला.

सोलापूर जिल्ह्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. सोलापूर स्टेशन मुंबई-रायचूर लोहमार्गावर; शहराबाहेर थोडें गेलें कीं एका बाजूस निजामाची हद्द, दुसऱ्या बाजूस अक्कलकोट संस्थान. तुळजापूरचा यात्रेकरू सोलापुरास उतरून निजामी मुलखांत जाई व परत येई. अक्कलकोटच्या राजवाड्यांतील शस्त्रागार आजही प्रेक्षणीय आहे. तेव्हां एका संस्थानांत जी वस्तु मानाची, तीच कांहीं कोसांवरील शहरांत परवान्यावांचून रस्त्यावर आणणें गुन्ह्याचें, अशी येथली स्थिति होती.

आतां ह्या कायद्याखालीं शस्त्र लपवून नेण्याचा निर्णय प्रत्यक्षांत कसा होत असे? त्याचा सर्वांत तपशीलवार पुरावा पुण्याचा आहे. दामोदर हरि चापेकर ह्यानें तुरुंगांत लिहिलेली आपली हकीकत सरकारी दप्तरांत राहिली व तिचें इंग्रजी भाषांतर पुढें छापलें गेलें. ता. २२ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या दिवशीं, दामोदर व बाळकृष्ण हे बंधु प्लेग कमिशनर रँड ह्याच्या पाळतीवर गणेशखिंडीकडे गेले तेव्हां प्रत्येकाजवळ तरवार व पिस्तूल दोन्ही होतीं. बाळकृष्णाजवळ कुऱ्हाडही होती. परंतु गव्हर्नरच्या बंगल्याभोंवतीं रोषणाई पाहणारांची गर्दी उसळलेली. तरवारी व कुऱ्हाड घेऊन त्या गर्दींत संशय न येतां वावरणें अशक्य, हें पाहून दामोदरानें तीं हत्यारें रस्त्याकडेच्या एका दगडी मोरीखालीं ठेविलीं व दोघे नुसत्या पिस्तुलानिशीं पुढें गेले. रँडच्या गाडीमागें धांवत जाऊन दामोदरानें वीतभर अंतरावरून गोळी झाडली. मागच्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीनें जागींच गेला, रँड ३ जुलैस मेला.

ह्या मोरीखालच्या तरवारी प्रस्तुत लेखकास फार बोलक्या वाटतात. पराक्रमाची जुनी खूण म्हणून त्या बरोबर घेतल्या होत्या. लपविण्याची वेळ येतांच त्या मागें राहिल्या. कायद्यानें तरवार व पिस्तूल ह्यांस एकाच व्याख्येंत बसविलें होतें, पण गर्दीनें त्यांची निवड केली. बारा वर्षांनीं नाशकास तरवारीचा प्रश्नच उरला नाहीं. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनीं पाठविलेलीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन ह्यानें पेटीच्या दुहेरी तळांत घालून १९०९ च्या आरंभीं मुंबईस आणलीं; औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या मुलखांत, शिकणारा अनंत कान्हेरे नाशकास आला; आणि ता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन ह्यास त्यानें गोळी घातली. परदेशांतून आणणें, आंत वाहून नेणें, बाळगणें, अशीं विसाव्या कलमांतील बहुतेक कृत्यें ह्या एका खटल्यांत सांपडतात. सात वर्षांच्या शिक्षेचा धाक ह्यांतील एकासही अडवूं शकला नाहीं, कारण पुढच्या कृत्याची शिक्षा फांशी आहे हें सर्वांस ठाऊक होतें. कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे ता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशीं गेले.

जॅक्सन हा संस्कृतज्ञ होता व मुंबई इलाख्याच्या इतिहास-लोककथांवर त्याचें काम आहे. आपल्याच विद्येंतील तो एक माणूस होता हें आपण इतिहास-संशोधकांनीं विसरूं नये. तसेंच त्याच्याच सहीनें बाबाराव सावरकरांचा खटला पुढें गेला व त्यांस जन्मठेप झाली हेंही विसरूं नये. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

ह्या पूर्वपीठिकेवर सोलापूर पाहावें. ता. ३० जानेवारी १९३० रोजीं गांधींनीं व्हाइसरॉयापुढें ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत मिठाची मागणी सर्वांच्या लक्षांत राहिली. शेवटची मागणी, आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखालीं द्यावे ही, पुष्कळांच्या ध्यानांतही नाहीं. अहिंसेच्या प्रवर्तकानेंच ही मागणी करावी ह्यांत विसंगति पाहणारांनीं उघड परवाना व गुप्त पिस्तूल ह्यांतील अंतर लक्षांत घेतलें नाहीं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत गांधींस अटक झाली. सोलापुरांत गिरण्या बंद पडल्या, ता. ८ मे रोजीं पोलिसांनीं गोळीबार केला. त्यानंतर पोलीस चौकीवर व कोर्टाच्या इमारतीवर जमाव चालून गेला, आगी लागल्या, पोलीस शिपाई मारले गेले. जमावाचीं हत्यारें म्हणजे दगड, काठ्या व आग. तीन-चार दिवस शहरांत सरकारचा अंमल असा राहिला नाहीं. मग ता. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला व तो ३० जूनपर्यंत चालला.

ह्या सुमारें सात आठवड्यांत सोलापुरांत काय वर्ज्य झालें? काँग्रेसचा झेंडा, स्वयंसेवकाचा वेष, पांढरी टोपी. म्हणजे जें जें उघड दिसे तें. हत्यारें तर १८७८ पासूनच बंद होतीं. आतां वस्त्रेंही हत्यारांच्या पंक्तीस बसलीं. झेंड्यासारख्या निरुपद्रवी वस्तूसाठीं झालेल्या दीर्घ शिक्षांच्या हकीकती त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आहेत, आणि ह्या लष्करी अंमलाच्या कायदेशीरपणाचा प्रश्न त्याच वर्षीं मुंबई हायकोर्टापुढेंही गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन ह्या चौघांस ता. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. ते निर्दोष होते अशी सोलापूरची खात्री तेव्हांही होती व आजही आहे. शहराच्या मध्यवस्तींत त्यांचे पुतळे उभे आहेत.

ह्या फांशीनंतर सहा महिने दहा दिवसांनीं, ता. २२ जुलै १९३१ रोजीं, मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉट्सन पुण्यास फर्ग्युसन कॉलेज पाहण्यास आले असतां वाडिया ग्रंथालयांत वासुदेव बळवंत गोगटे ह्या विद्यार्थ्यानें त्यांच्यावर अगदीं जवळून गोळी झाडली. ती खिशांतील पाकिटाच्या धातूच्या गुंडीवर बसल्यामुळें हॉट्सन वांचले. सोलापुरांत लष्करी कायदा चालू असतां ते इलाख्याचे होम मेंबर होते; त्या जुलमाचा सूड हाच ह्या गोळीचा हेतु. गोगट्यांस आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. ते मुदतीपूर्वीं सुटले व पुढें पुण्याचे महापौर झाले. (१८७९ च्या बंडाचे वासुदेव बळवंत फडके ह्यांचें व ह्यांचें नांव एकच पडावें हा योगायोगच, पण फडक्यांचें बंड हत्यारांच्या कायद्यानंतर अवघ्या एका वर्षानें झालें हेंही स्मरणांत असावें.)

आतां मूळ प्रश्न: पिस्तूल खिशांत घालण्याचा निर्णय केव्हां झाला? साध्या वाचकास वाटतें, जुलूम झाला त्या दिवशीं. पण तिन्ही प्रकरणें एकत्र मांडलीं असतां निराळेंच चित्र दिसतें. प्रत्येकांत तीन तारखा आहेत: शस्त्र हातीं आलें ती, तें बरोबर घेतलें ती, आणि तें उघडें केलें ती. पहिली तारीख कायद्यामुळेंच सर्वांत जास्त लपलेली असते. दुसरी व तिसरी बहुधा एकच असते, आणि ती शस्त्र धारण करणारानें निवडलेली नसते. गणेशखिंडींत ती राणीच्या महोत्सवानें ठरविली. नाशकास जॅक्सनची बदली होऊन निरोपाचा नाट्यप्रयोग ठरल्यामुळें ती ठरली. पुण्यास सर फ्रेडरिक साइक्स रजेवर गेल्यामुळें हॉट्सन गव्हर्नरच्या जागीं आले व त्यांच्या कॉलेज-भेटीनें ती ठरली. ज्याच्याजवळ गुप्त हत्यार आहे तो स्वतंत्र असतो असें आपण समजतों. वस्तुतः तो शत्रूच्या कार्यक्रमपत्रिकेचा बांधलेला असतो. आणि स्थळही शत्रूच्या विश्वासाचेंच असतें: महोत्सव, नाटक, ग्रंथालय. प्रतापगडच्या भेटीस दोन्ही पक्ष एकमेकांवर संशय घेऊनच आले होते. ग्रंथालयांत पुस्तकें पाहणारा पाहुणा तसा आला नव्हता. गोगट्यांच्या धैर्याविषयीं व सोलापूरच्या अन्यायाविषयीं मनांत पूर्ण आदर व चीड ठेवूनही हा फरक सांगणें इतिहासलेखकास भाग आहे. खुद्द काँग्रेस महासमितीनें ऑगस्ट १९३१ मध्यें ह्या हल्ल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्याच वर्षाच्या मार्चांत कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत मात्र नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क तिनें नमूद केला होता. ह्या दोन ठरावांत विरोध नाहीं. एक उघड शस्त्राविषयीं आहे, दुसरा गुप्त शस्त्राविषयीं.

हॉट्सन ह्यांचें नांव आज प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत सांपडतें. इराण-बलुचिस्तानांत त्यांनीं नमुने गोळा केले त्यावरून उंदराच्या जातीच्या एका उड्या मारणाऱ्या प्राण्यास त्यांचें नांव दिलेलें आहे. सोलापूरच्या कोणाही माणसास ही माहिती सांगितली तर तो हंसेल, आणि त्याचें हंसणें समजण्यासारखें आहे.

१८७८ चा कायदा स्वराज्यांतही बराच काळ टिकला. १९५९ चा नवा कायदा ता. १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला तेव्हां तो गेला. त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या अमलाचे कागद, म्हणजे परवान्यांचे दाखले, शस्त्र जमा केल्याच्या पावत्या, माफीच्या सनदा, हे जुन्या घरांतील दप्तरांत अजून सांपडण्यासारखे आहेत. मोडी रुमालांच्या तळाशीं ते रद्दी म्हणून पडलेले असतात. सोलापूरच्या १९३० सालच्या लष्करी हुकुमांचे भिंतींवर चिकटविण्याचे छापील मराठी, कानडी व उर्दू कागद कोणा संग्राहकापाशीं असतील तर ते मूळ न मिळाले तरी त्यांच्या नकला मंडळाकडे याव्यात अशी विनंति आहे. विशेषतः सोलापूर, बार्शी व अक्कलकोट येथील दप्तरें ह्या दृष्टीनें कोणी चाळलीं, तर घरीं ठेवलेली तरवार आणि बाहेर नेलेली तरवार ह्यांचा हिशेब प्रथमच मांडतां येईल.