अराकाताका : कादंबरीने झाकलेला मुलूख

पदव्युत्तर वर्गात ‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा शिकवताना आम्ही अनेक वर्षे एक वाक्य हमखास उच्चारत आलो : गाब्रिएल गार्सिया मार्केझचे माकोंदो हे गाव कोणत्याही नकाशावर सापडत नाही. वाक्य चुकीचे नाही. मात्र त्याच्या आधाराने आम्ही एक मोठी जबाबदारी टाळली, हे आता मान्य करायला हवे. जे गाव नकाशावरच नाही, त्याची जमीन, पाणी, पिके आणि मजुरी यांची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. ‘एकांताची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीतले जे जे आम्हाला अपरिचित वाटले, ते ते आम्ही ‘जादू’च्या खात्यावर जमा करून मोकळे झालो. प्रस्तुत लेखात आम्ही ते खाते पुन्हा तपासू इच्छितो. आणि त्यासाठी मार्केझचे जन्मगाव अराकाताका याच्याकडे कादंबरी क्षणभर बाजूला ठेवून पाहू इच्छितो.

अराकाताका हे कोलंबियाच्या उत्तरेकडील माग्दालेना प्रांतातले एक ‘मुनिसिपियो’ आहे. या शब्दाचा अर्थ नुसती नगरपालिका असा नव्हे. मुख्य गाव आणि त्याला जोडलेला शेतीचा विस्तीर्ण मुलूख मिळून मुनिसिपियो होतो. आपल्याकडच्या तालुक्याशी त्याचे काहीसे साम्य आहे. पूर्वेला सिएरा नेवादा दे सांता मार्ता हा पर्वत. त्याची शिखरे ५,७०० मीटरपर्यंत चढतात आणि कॅरिबियन समुद्र तेथून जेमतेम ४० ते ४५ किलोमीटरवर आहे. या बर्फाच्छादित उंचीवरून अराकाताका, फुंदासिओन, तुकुरिंका, सेविया अशा नद्या पश्चिमेकडे उतरतात, मधल्या सपाट पट्टीवर गाळ पसरतात आणि सिएनागा ग्रांदे या विशाल खाजणात विसावतात. एका अंगाला दुर्गम पर्वत आणि दुसऱ्या अंगाला अथांग दलदल, ही माकोंदोची चौकट आहे तशी याच मातीतून उचललेली आहे. ‘माकोंदो’ हे नावही हवेतून आलेले नाही. लोहमार्गालगतच्या एका केळीच्या मळ्याचे ते नाव होते. १९५० मध्ये आजोळचे घर विकण्यासाठी आईबरोबर जाताना मार्केझला ते आगगाडीतून पुन्हा दिसले, अशी नोंद त्याच्या आत्मकथनात आहे.

ही पट्टी मुळात चिमिला या मूळनिवासी जमातीची भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हळूहळू वसाहत वाढली. १८९९ ते १९०२ या काळात उदारमतवादी आणि परंपरावादी पक्षांमध्ये ‘हजार दिवसांचे युद्ध’ झाले. त्यातून हरून परतलेल्या उदारमतवादी सैनिकांपैकी कित्येकांनी पुढे या मुलखात आसरा घेतला. मार्केझचे आजोबा कर्नल निकोलास मार्केझ हे त्यांपैकीच एक. १९०६ च्या सुमारास सांता मार्ता बंदराकडून निघालेला लोहमार्ग फुंदासिओनपर्यंत पोहोचला आणि हा मुलूख जगाच्या बाजाराशी जोडला गेला. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनी या अमेरिकन कंपनीने येथे केळीचे साम्राज्य उभे केले.

या साम्राज्याचे मर्म केवळ जमिनीच्या मालकीत नव्हते. केळीला सतत पाणी लागते, आणि पर्वतावरून आलेले पाणी कालव्यांतून कोणाच्या शेतात वळवायचे, यावर कंपनीची पकड होती. स्थानिक बागायतदाराने माल फक्त कंपनीलाच विकायचा, असे करार होते. केळी ही नाशवंत वस्तू. घड कापल्यावर गाडी आणि जहाज वेळेवर मिळाले नाही, तर पीक मातीमोल. त्यामुळे पाणी, वाहतूक आणि खरेदी हाती असणाऱ्याला सगळी जमीन विकत घेण्याची गरजच नव्हती. कामाच्या शोधात दूरदूरहून आलेल्या माणसांचा जो लोंढा येथे थडकला, त्याला मार्केझने आपल्या पहिल्या कादंबरीच्या शीर्षकात ‘पाचोळा’ म्हटले (१९५५).

१२ नोव्हेंबर १९२८ रोजी केळीपट्ट्यातील मजुरांचा संप सुरू झाला. त्यांच्या नऊ मागण्या होत्या : सामूहिक विमा, अपघाताची भरपाई, रविवारची सुट्टी आणि आरोग्यास योग्य निवास, मजुरीत वाढ, कंपनीच्या दुकानांची बंदी, चिठ्ठ्यांऐवजी रोख आणि आठवड्याच्या आठवड्याला पगार, सामूहिक करार, अधिक रुग्णालये. यातल्या काही गोष्टी देशाच्या कायद्यात आधीपासूनच होत्या. कंपनीचा बचाव असा की, हे मजूर ठेकेदारांनी नेमलेले आहेत. ते आमचे नोकरच नव्हेत. ५ डिसेंबरच्या रात्री, अराकाताकाच्या उत्तरेस असलेल्या सिएनागा गावाच्या रेल्वेस्थानकाजवळ मजूर आणि त्यांची कुटुंबे जमली होती. मध्यरात्रीनंतर जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास याच्या सैन्याने जमावबंदीचा हुकूम वाचून दाखवला, पांगायला काही मिनिटे दिली आणि गोळीबार केला.

किती माणसे मेली? जनरलने पत्करलेला आकडा ४७. अमेरिकेच्या राजदूताने जानेवारी १९२९ मध्ये आपल्या सरकारला कळवले की, कंपनीच्या प्रतिनिधीच्या मते हा आकडा हजारावर जातो. त्याच वर्षी तरुण लोकप्रतिनिधी होर्खे एलिएसेर गायतान याने केळीपट्ट्यात हिंडून साक्षी गोळा केल्या आणि हे प्रकरण संसदेत मांडले. १९३० मध्ये परंपरावादी पक्षाची दीर्घ राजवट संपली. निश्चित संख्या मात्र कधीच ठरली नाही. आज जगभर उच्चारला जाणारा ३,००० हा आकडा कादंबरीचा आहे. संहाराच्या वेळी मार्केझ पुरते दोन वर्षांचेही नव्हते. कादंबरीच्या भव्य प्रमाणाला साजेसा, एक संपूर्ण आगगाडी भरेल एवढा आकडा आपण घेतला, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले. तरीही तोच आकडा इतिहास म्हणून भाषणांतून उच्चारला जाऊ लागला.

आमच्या वर्गातली चूक नेमकी येथे उघडी पडते. कादंबरीतले न्यायालय असा निर्वाळा देते की, कंपनीकडे कामगार नव्हतेच. हा प्रसंग आम्ही अतिवास्तव कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून शिकवत आलो. वास्तविक ठेकेदारी पद्धतीचे ते जवळजवळ सरळ वर्णन आहे. उलट ३,००० हा आकडा आम्ही वास्तव म्हणून सांगितला; ती मात्र कलावंताची निवड होती. जिथे दस्तऐवज होता तिथे आम्हाला जादू दिसली आणि जिथे कल्पना होती तिथे दस्तऐवज. संज्ञा हाताशी असली की, वाचन किती सहज थांबते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्यापाशी नाही.

कादंबरीच्या अखेरीस माकोंदो वादळात नष्ट होते. अराकाताकाला ती सोय नव्हती. जागतिक मंदी, पिकावरील रोग आणि दुसऱ्या महायुद्धात थांबलेली जहाजे यांनी केळीपट्टा खिळखिळा केला. १९६० च्या दशकात कंपनीने आपला व्यवहार कोलंबियातल्याच उराबा भागाकडे हलवला. मुलूख उरला, माणसे उरली. आता केळीबरोबरच तेलताडाचे मळे दूरवर पसरले आहेत. पाण्याचा प्रश्न कंपनीबरोबर निघून गेलेला नाही. ज्या मार्गाने केळीचे घड बंदराकडे जात, त्या मार्गाने शेजारच्या प्रांतातला दगडी कोळसा जाऊ लागला. जून २००६ मध्ये गावाचे नाव ‘अराकाताका-माकोंदो’ करावे की नाही, यावर सार्वमत झाले. पर्यटक येतील, असा प्रस्तावामागचा हिशेब होता. मत देणाऱ्यांचा कौल मोठ्या प्रमाणात बदलाच्या बाजूने पडला. पण आवश्यक तितके लोक मतदानाला आलेच नाहीत आणि प्रस्ताव बारगळला.

या अनुपस्थितीला अस्मितेचा ठराव मानण्याचा मोह आम्ही टाळतो. ती साधी उदासीनताही असू शकेल. एवढे मात्र खरे की, मुनिसिपियोच्या कागदपत्रांत आजही अराकाताका एवढेच नाव आहे. यापुढे ही कादंबरी शिकवायला घेताना पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर कोणतीही संज्ञा लिहिणार नाही. एक पर्वत, एक खाजण, मधल्या नद्या आणि लोहमार्ग एवढे काढू, आणि विद्यार्थ्यांना विचारू : या पाण्याचा मालक कोण?