धुरकरी (शंकरपटाचा)

धुरकरी : विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील मराठी मुलखात भरणाऱ्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हलक्या दुचाकी छकडीवर बसून जोडी हाकणारा इसम. बैलबंडी हाकणाऱ्या कोणालाही या भागात धुरकरी म्हणण्याची वहिवाट आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र केवळ पटाच्या धुरकऱ्याचा विचार केला आहे. शंकरपटावर वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत विपुल लिहिले गेले असले, तरी त्या लिखाणात बैल आहे, बैलाचा मालक आहे, आयोजक आहे आणि कायदा आहे. छकडीवर बसलेला माणूस तेवढा क्वचित आढळतो, आणि ही उणीव ध्यानात आल्यामुळेच त्याला स्वतंत्र नोंद देणे इष्ट वाटले.

प्रदेश : अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे दूरवर ठाऊक असलेले मोहगाव हे सौंसर तहसिलीतील गाव, आणि पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली मिळून २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा, हा सारा टापू राज्याच्या नकाशावर मध्य प्रदेशात असला तरी बोलीने, पिकांनी आणि सणावारांनी नागपूर-वऱ्हाडाशी जोडलेला आहे. भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्यप्रांतात तो नागपूरच्याच छायेत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मागे राहिला, तेव्हा सरहद्द आखली गेली खरी, परंतु संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते, पोळा आणि पट यांपैकी कशालाही ती सरहद्द फारशी मानवली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार या प्रदेशाची म्हणून देशभर गाजते. त्यापुढे हिवाळ्यातला पट फिका पडतो असे बाहेरच्या माणसास वाटावे, पण ज्याच्या गोठ्यात पटाचा गोऱ्हा बांधलेला आहे त्याचे वर्ष कोणत्या दिवसाभोवती फिरते, हे त्याच्या घरच्या मंडळींना विचारावे.

या टापूचे पटाशी असलेले नाते बैलाच्या जातीतच आहे. वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा हे गवळाऊ जातीचे माहेर. पांढरी किंवा राखी कांती, अरुंद व सडपातळ बांधा, लांबट तोंड, मागे झुकलेले कपाळ आणि आखूड शिंगे ही तिची ठळक लक्षणे होत. जड ओझ्यापेक्षा चपळाईसाठी ही जात जोपासली गेली, आणि मराठी फौजांना रसद जलद पोहोचवण्याच्या निकडीतून तिची निवड होत गेली, असे जनावरांच्या जातींचे अभ्यासक सांगत आले आहेत. मध्यप्रांतातील मालगुजार अशा जोड्या हौसेने बाळगीत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा हौस मात्र खालसा झाली नाही, ती दहा-वीस एकरांच्या बागाइतदाराकडे आणि त्याहून लहान शेतकऱ्याकडे उतरली. पटाच्या बैलाला नांगराला वा वखराला जुंपीत नाहीत. सरकी, ढेप आणि भरडलेले कडधान्य त्याला मिळते, सणावाराला तूप मिळते, आणि कुटार मात्र बाकीच्या गुरांच्या वाट्याला जाते, ही गोष्ट घरातील स्त्रिया फारशा कौतुकाने सांगत नाहीत.

पटाची रीत : खरिपाचा माल घरात आला आणि शेत मोकळे झाले की पटांचा मोसम सुरू होतो, आणि संक्रांतीच्या आगेमागे तो ऐन भरात येतो. नांगरटीची ढेकळे फोडून, दगड वेचून सरळ रेषेत धावपट्टी तयार करतात. पटाचे दोन प्रकार आहेत : एकात शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून दोन जोड्या एकदम सोडतात आणि पुढे निघेल ती जिंकते; दुसऱ्यात एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजतात, आणि सेकंदाच्या अंशावरून निकाल लावतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोड इतकी घट्ट आहे की, पट बंद पडले तेव्हा नाटकमंडळ्यांचेही धाबे दणाणले. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील कृषक सुधार मंडळाचा पट वऱ्हाडात विशेष नावाजलेला असून, तेथे स्त्रियांनी जोड्या हाकण्याचा स्वतंत्र दिवस असतो. पट हा पुरुषांचाच खेळ, असे मानणाऱ्यांनी तो एकदा अवश्य पाहावा.

पश्चिम महाराष्ट्रातील शर्यतींशी शंकरपटाची गल्लत करू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड या बाजूच्या घाटातल्या बैलगाड्यात पुढे घोडी धावते आणि गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. सातारा-सांगलीकडे गाडीवर माणूस असतो, पण तेथे दातांवरून आदत, दुसा असे बैलांचे वर्ग पाडण्याचे प्रस्थ अधिक. धुरकऱ्याच्या अंगच्या कसबावर सारा डाव सोपवणारा खेळ म्हणून शंकरपटाचे स्थान वेगळे आहे.

कसब : छकडी म्हणजे दोन चाके, एक आस, दोन दांड्या आणि टेकण्यापुरती फळी, वजन जितके कमी तितके बरे, म्हणून धुरकरीही सहसा किरकोळ अंगाचा तरुण असतो. सुटण्याच्या रेघेवर दोन-तीन माणसे बैलांच्या वेसणी धरून उभी असतात, बैल पुढच्या खुरांनी माती उकरीत असतात, आणि धुरकरी फळीवर अर्धवट उकिडवा बसून दोन्ही कासरे एका मुठीत घेतो, कारण दुसरा हात त्याला बैलांच्या पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी थाप देण्यासाठी मोकळा हवा असतो. झेंडी खाली येताच धरणारे बाजूला उडी मारतात. पहिल्या काही ढांगांतच दोन्ही बैलांचे पाऊल जुळले पाहिजे. डावा पुढे आणि उजवा मागे राहिला, तर जू तिरके होते, छकडी पट्टी सोडून गर्दीकडे वळते, आणि मग कासऱ्याला दिलेला एक चुकीचा हिसका सगळेच उलथवून टाकतो. म्हणून चांगला धुरकरी कासरा फारसा ओढीतच नाही. त्याचे काम आवाजावर चालते, आणि तो आवाज जोडीने आधी महिनोन्महिने गोठ्यात ओळखीचा केलेला असतो. छकडीला ब्रेक नाही. शेवटच्या रेघेपलीकडे शेत मोकळे सोडलेले असते, त्यात जोडी आपोआप मंदावेल तेव्हा मंदावेल; तोवर धुरकऱ्याने वर टिकून राहायचे, एवढेच.

जुन्या काळी या कसबाला तुतारीची, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेल्या काठीची जोड असे, आणि शेपटी पिरगाळणे, चावणे हेही प्रकार चालत. ज्या धुरकऱ्याची सारी मदार तुतारीवर, तो धुरकरी कच्चा, असे जाणते शेतकरी पूर्वीपासून म्हणत आले. परंतु म्हणणे निराळे आणि हातची इनामाची रक्कम सोडणे निराळे, त्यामुळे बैलांच्या पुठ्ठ्यांवरील रक्ताचे ठिपके हे या खेळाचे लांच्छन होते, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

तुलना : ब्रेकविना धावण्याचा हा प्रकार जगात एकाकी नाही. मातीच्या लंबवर्तुळाकार मार्गावर चार मोटारसायकलस्वारांनी चार फेऱ्या मारण्याचा स्पीडवे नावाचा खेळ १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलँडच्या कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर रंगू लागला आणि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथील शर्यतींपासून इंग्लंडात फोफावला. त्याचे यंत्र ५०० सीसीचे, मिथेनॉलवर चालणारे. गिअर एकच, ब्रेक नाही. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधून स्वार तो पाय जमिनीवर टेकवतो, मागचे चाक मुद्दाम घसरवतो, आणि त्या घसरणीतूनच वळण घेतो. रशिया व स्कँडिनेव्हियाकडे हीच शर्यत गोठलेल्या बर्फावर होते. तेथे चाकांना सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे पोलादी सुळे असतात आणि स्वार इतका कलतो की, त्याचा डावा गुडघा बर्फ खरवडतो. आपल्याकडे पुणे, नाशिक येथे मातीवरच्या मोटारसायकल शर्यती होतात, पण त्यांतली यंत्रे ब्रेकची.

धुरकरी आणि हा स्वार यांच्यातील साम्य हाताच्या कसबापुरतेच आहे. कीर्तीच्या बाबतीत दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. १९३६ साली वेम्बली येथे झालेली पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्राग याने जिंकली, हे आज नव्वद वर्षांनंतरही कोणालाही सांगता येते. न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगर याने १९६८ ते १९७९ या काळात सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले, शेवटचे तर वयाची चाळिशी महिन्याभरावर आली असताना. स्वीडनच्या टोनी रिकार्डसन याने १९९४ ते २००५ दरम्यान तितकीच पदे मिळवली, आणि पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिक याने २०२५ साली त्यांची बरोबरी केली. बर्फावर रशियातील उफा येथील गब्द्राखमान कादिरोव्ह याची सहा पदे आणि निकोलाय क्रास्निकोव्ह याची २००५ ते २०१२ अशी सलग आठ पदे अशीच नोंदलेली आहेत. या स्मरणाचे एक साधे कारण आहे. स्पीडवेच्या मैदानात शिरताना प्रेक्षक छापील कार्यक्रमपत्रिका विकत घेतो, तीत प्रत्येक शर्यतीसाठी स्वारांची नावे आणि पुढे रिकामे रकाने असतात, आणि प्रत्येक शर्यत संपली की तो खिशातल्या पेन्सिलीने तीन, दोन, एक, शून्य असे गुण व विजेत्याची वेळ स्वतःच भरतो. अशा पत्रिका घरोघर जपल्या जातात. आणि जुन्या स्वारांची चौकशी करीत फिरणाऱ्या हौशी माणसास पन्नास वर्षांपूर्वीचा निकाल त्यांतून हाती लागतो.

पटाचा प्रेक्षक काही कमी रसिक नाही. कोणती जोडी कोणत्या पटात कोणाच्या हातून धावली, कोणत्या बैलाने कोणत्या साली पट्टी सोडली, हे सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसलेला म्हातारा बिनचूक सांगेल. पण लाउडस्पीकरवरून पुकार होतो तो मालकाच्या नावाचा आणि गावाचा, बक्षिसाच्या ढालीवर कोरले जाते ते मालकाचे नाव, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत असते ती अमक्यांची जोडी. धुरकरी बहुधा मालकाचा मुलगा, पुतण्या, सालदार किंवा रोजाने बोलावलेला शेजारगावचा पोरगा असतो. त्याच्या वाट्याला फेटा, नारळ आणि मालकाच्या मर्जीनुसार काही रक्कम येते. वजन वाढले, लग्न झाले, की त्याची छकडी सुटते आणि त्याच्या नावाचा मागमूस कोठेही उरत नाही.

ही स्थिती अटळ आहे असे नव्हे, हे कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील कंबळावरून दिसते. तेथे चिखलातून धावणाऱ्या रेड्यांच्या जोडीमागे माणूस पायी धावतो. १ फेब्रुवारी २०२० रोजी ऐकळ येथे श्रीनिवास गौडा या धावकाने १४२.५ मीटरचे अंतर १३.६२ सेकंदांत कापले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यावरून शंभर मीटरांचा हिशेब काढून त्याची तुलना उसेन बोल्टशी केली आणि केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीसाठी निमंत्रण धाडले. रेड्यांच्या ओढीवर धावणारा माणूस आणि स्वतःच्या पायांवर धावणारा माणूस यांची तुलना करणे शास्त्राला धरून नव्हते, आणि गौडा यांनी ती चाचणी न देण्यात शहाणपणच दाखवले. परंतु तेथे धावकाचे नाव आणि वेळ यांची नोंद होत होती, म्हणूनच एवढा गाजावाजा तरी शक्य झाला.

कायदा : प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये ज्या प्राण्यांच्या खेळांस मनाई आहे त्यांच्या यादीत केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी बैलाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली दुरुस्ती कायदा केला, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो अंमलात येऊ शकला नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. मोहगाव ज्या राज्यात आहे त्याचे नाव या तिहींत नाही, ही बाब सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जोड्या नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

बंदीची ती सात वर्षे बैलमालकास सोसवली. त्याने बैल विकले किंवा राखले. धुरकऱ्याचे नुकसान निराळ्या जातीचे होते. अठराव्या-विसाव्या वर्षी छकडीवर चढायचे आणि तिशीच्या आत उतरायचे, असा ज्याचा उमेदीचा काळ, त्याची एक पिढीच पट्टीवर न येता घरी बसली, आणि जी नवी मुले आज छकडीवर दिसतात त्यांपैकी पुष्कळांना हाताला धरून शिकवणारा वडीलधारा मिळालेला नाही. नव्या नियमांनी तुतारी आणि चाबूक यांस मनाई केल्यामुळे आवाजाच्या व कासऱ्याच्या कसबाचे मोल वाढले आहे, आणि नेमके त्याच वेळी ते कसब जाणणारे जुने लोक साठीपार गेले आहेत.

पट भरवणाऱ्या मंडळांना यात करता येण्यासारखी गोष्ट खर्चाची नाही. जोडीच्या नोंदणीच्या वहीत मालक, गाव, बैलांची नावे आणि शुल्क यांसोबत धुरकऱ्याचे नाव व त्याचे गाव यांसाठी एक रकाना पाडावा, तेच नाव लाउडस्पीकरवर पुकारावे, निकालाच्या कागदावर वेळेशेजारी लिहावे, आणि त्या वह्या रद्दीत न घालता ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवाव्यात.