पाणी काढायचं की फिरवायचं?

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं तरणतलावाच्या पाइपांवर काय बोलावं? तर त्याला कारण घडलं. आमच्या सोसायटीत छोटा तरणतलाव बांधायचं ठरलं आणि पंपघराचा नकाशा सभेपुढे आला. तेव्हा एका सभासदानं विचारलं, "कामवाल्या बायकांची मुलं पोहून गेली, तर नंतर पाणी बदलणार ना?" सभेत कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. आम्हीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं, म्हणून आजचं हे व्याख्यान.

आपण सुरुवात मोहेंजोदडोपासून करू. १९२५-२६ च्या सुमारास उत्खननात तिथलं महास्नानगृह उजेडात आलं. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७, खोली २.४. विटा घट्ट बसवलेल्या, जिप्समचा गिलावा, मागे डांबराचा थर, म्हणजे गळतीचा पक्का बंदोबस्त. शेजारच्या खोलीत मोठी विहीर आणि एका कोपऱ्यात पाणी सोडून द्यायची वाट, ती पुढे उंच गटारात जाते. रचना सरळ आहे: एकीकडून भरा, दुसरीकडून सोडा. पाणी मळलं तर ते काढून टाकणं, एवढाच उपाय.

हाच उपाय हजारो वर्षं चालला. ब्रिटनमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला आणि शहरोशहरी तलाव बांधले गेले. तेही भरायचे, काही दिवस वापरायचे आणि रिकामे करायचे. पाणी ताजं असेल त्या दिवशी तिकीट महाग, गढूळ होत आलं की स्वस्त. म्हणजे गरिबाच्या वाट्याला श्रीमंताचं वापरलेलं पाणी.

पाणी गाळायची विद्या तेव्हा अवगत नव्हती असं नाही. १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सीमध्ये थेम्सचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून घरोघर द्यायला सुरुवात केली होती. पण तलावातलंच पाणी ओढायचं, गाळायचं आणि परत तलावात सोडायचं, ही पद्धत रुळली ती विसाव्या शतकात. १९१० साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या तलावात क्लोरीन वापरलं गेलं आणि जंतूंचाही बंदोबस्त झाला.

आता गंमत म्हणून मोहेंजोदडोच्या त्याच कुंडाला आपण पंप बसवू. पाणी सुमारे दोन लाख लिटर. सगळं पाणी सहा तासांत एकदा फिरावं असं धरलं, तर पंपानं ताशी साधारण ३४ हजार लिटर ओढलं पाहिजे. सक्शनच्या पाइपात वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे आतला व्यास ९० मिलिमीटरच्या आसपास हवा. डिलिव्हरीला अडीच मीटर वेग चालतो, तिथे ७० पुरतो. फरक का? पंप पाणी ढकलायला समर्थ असतो, ओढायला मात्र कच्चा. म्हणून सक्शनचा पाइप मोठा, आखूड आणि कमीत कमी वळणांचा. पंप तलावाजवळ आणि शक्यतो पाण्याच्या पातळीखाली.

क्रमही ठरलेला आहे. वरचा कचरा स्किमर घेतो, तळचं पाणी मेन ड्रेनमधून येतं. मग केसांची गाळणी, पंप, वाळूचा फिल्टर, शेवटी क्लोरीन आणि पाणी परत तलावात. वाळूच्या दर चौरस मीटरमधून ताशी ३० घनमीटर धरलं, तर आपल्याला सव्वा मीटर व्यासाची टाकी पुरेल. पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर पंप उघडताना पंपघरात पूर येईल. वाळू भरत आली की प्रेशर गेजचा काटा चढतो. मग उलट्या दिशेनं पाणी सोडून ती धुवायची, म्हणजे बॅकवॉश, आणि ते घाण पाणी गटारात.

तळाशी मात्र एकच तोंड ठेवू नका. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशा तोंडाच्या ओढीनं अडकून बुडाली. २००७ साली तिच्या नावानं कायदा झाला आणि सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. एकमेकांपासून लांब दोन तोंडं ठेवली, तर एक अंगानं झाकलं गेलं तरी पाणी दुसरीकडून येतं.

आणखी एक हिशेब. पाणी एकदा फिरलं म्हणजे सगळं गाळलं गेलं असं नव्हे, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. गेज आणि बिडवेल यांनी १९२६ मध्ये हे गणित मांडलं. नवी घाण पडली नाही असं धरलं, तर एका फेरीत सुमारे ६३ टक्के घाण जाते, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५.

या हिशेबात घाम आहे, धूळ आहे, तेल आहे. पोहणाऱ्याचं आडनाव कुठेच नाही. माणसाचं डोकं मात्र जुन्या कुंडातच राहिलं. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या ब्रुकसाइड तलावात, तो १९१४ साली उघडला, कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता आणि त्यानंतर पाणी काढून टाकत. आपल्याकडे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पुढे सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' केली. तळ्यावरचा हक्क हायकोर्टात मान्य व्हायला १९३७ साल उजाडलं. तिथे पाण्यात काय मिसळलं हे कोणी तपासलंच नव्हतं, हात कोणाचा लागला एवढंच पाहिलं होतं. मळ मोजता येतो, विटाळ मोजता येत नाही. म्हणून विटाळावर कुठलाच फिल्टर पुरत नाही.

नकाशा लवकरच पुन्हा सभेपुढे येणार आहे. त्या सभासदाला आम्ही उत्तर देणार आहोत: पाणी बदलणार नाही, ते फिरणार. तुमच्या नातवानंतर जसं फिरेल, तसंच त्या मुलांनंतर. आणि तळाला दोन तोंडं आहेत की नाहीत, तेवढं सगळ्यांनी मिळून बघू. पोरं सगळ्यांचीच आहेत.