एकवीस वर्षांचा उंबरठा

सन १९५६ च्या शरद ऋतूत आपल्या प्रदेशाने दोन स्थित्यंतरे पाहिली. १ नोव्हेंबर रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तर किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यास जोडले गेले. माणसे जागच्या जागी राहिली, सीमा तेवढी हलली. या घटनेविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. मात्र त्याआधी अवघ्या सोळा दिवसांपूर्वी, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या राजुऱ्यासमोर, वर्धा नदीच्या पैलतीरावरील चांदा (आजचे चंद्रपूर) येथे जे घडले, त्याचे स्मरण आपल्या बैठकींत क्वचितच होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. १६ ऑक्टोबरला चांद्यास दुसरा दीक्षाविधी झाला. त्यांचे वय तेव्हा पासष्ट होते. पुढे दोन महिनेही ते जगले नाहीत.

जन्मभराचा धर्म सोडणे हा एका दिवसाचा आवेश असतो, अशी समजूत आढळते. येथील कालक्रम वेगळेच सांगतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० मध्ये सुरू झालेला. पाणी मिळावे, दार उघडावे, म्हणजेच आत राहता यावे, यासाठीच हे लढे होते. दार उघडले नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. घोषणा आणि कृती यांत एकवीस वर्षे गेली. या काळात शीख धर्माचाही विचार झाला, ग्रंथ अभ्यासले गेले, १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची कारणे अनुयायांपुढे सविस्तर मांडली गेली.

जे सोडले ते त्यांना परके नव्हते, हेही ध्यानी घ्यावे. वडील रामजी कबीरपंथी, घरात संतांच्या अभंगांचा नित्यपाठ. अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांची समाधी पंढरपुरी महाद्वाराबाहेर आहे. जन्मभर भक्ती करूनही त्यांच्या जातबांधवांना ते मंदिर खुले होण्यास साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण घडावे लागले. चोखोबा पायरीशी राहिले, बाबासाहेब पायरीवरून परतले. दोघांच्या निष्ठेची कसोटी ज्याने घेतली, ते दार मात्र एकच होते.

सोडून जाणाऱ्यांस हे स्वस्तात पडले नाही. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवतांची उपासना आणि श्राद्ध-पिंडदान यांचा त्याग होता. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या पितरांना पान वाढले जाई, तेथे हे वाक्य उच्चारणे सोपे नसावे. व्यवहारातही तोटा होता. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. तरीही महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेतील सुमारे अडीच हजार बौद्धांचे १९६१ मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख झाले. लाभ गमावूनही माणसे गेली, यावरून त्यांना काय हवे होते हे कळते.

आपण सीमेवरची माणसे. एका रेषेने आपल्याला न विचारता एका राज्यातून दुसऱ्यात नेले. पुढे २०१४ मध्ये तेलंगणातही नेले. तरी भाषा आपण सोडली नाही, कारण तिने आपल्याला कधी बाहेर उभे केले नाही. चांद्याच्या त्या जनसमुदायाने मात्र स्वतः निवड केली. अशा प्रस्थानाचा इतिहास लिहिताना ‘ते का गेले’ एवढे विचारून भागत नाही. ती एकवीस वर्षे उंबरठ्याच्या आतली माणसे काय करीत होती, हेही विचारावे लागते. आणि त्याचे उत्तर आपल्या जुन्या वाड्यांच्या विहिरींपाशी शोधावे लागते.