मुदपाकखान्यातली पाळी

नम्रता हा स्वभावाचा भाग, ज्याच्या अंगी असेल त्याच्या असेल, असे आपण धरून चालतो. ख्रिस्ती मठांचा इतिहास पाहिला तर हे पटत नाही. सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कॅसिनो इथे संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या ३५व्या प्रकरणात स्वयंपाक-वाढपाची आठवड्याची पाळी लावून दिली आहे. आजारपण किंवा मठाचे तितकेच निकडीचे काम असेल तर सवलत. एरवी सरदाराघरून आलेल्यालाही चूल चुकायची नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने झाडलोट करायची, सर्वांनी हातपाय पुसलेली फडकी धुवायची आणि नव्या पाळीवाल्यासह सगळ्या बांधवांचे पाय धुवायचे. मग घासलेली, धड असलेली भांडी कोठावळ्याच्या हवाली करायची. त्या कोठावळ्यालाही ३१व्या प्रकरणात बजावले आहे, की मठातली सारी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. रोजच्या कामात देव दिसावा यासाठी बेनेडिक्ट यांनी भांडे कसे हाताळायचे तेच ठरवून टाकले, आणि माझ्या मते त्यांची खरी दृष्टी इथेच दिसते.

पाळी लावून आणलेली नम्रता खरी कशी, असे कुणी विचारील. पण मने आपोआप वळतील या भ्रमात बेनेडिक्ट नव्हते. जेवणाच्या तासभर आधी वाढप्यांना नेहमीपेक्षा जास्तीचा पाव आणि पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील, असेही त्यांनी लिहून ठेवले. माणूस कंटाळणार, भुकेने चिडणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. रोज हात तसे वळत राहिले तर मनही मागून येईल, एवढाच त्यांचा भरवसा होता.

याहून गंभीर आक्षेप असा, की नम्रतेच्या नावाखाली खालच्यांना खालीच ठेवले गेले. तो खरा आहे, आणि पुरावा मठांमध्येच सापडतो. बाराव्या शतकातल्या सिस्टर्शियन मठांत शेतीची आणि इतर अंगमेहनतीची बरीच कामे श्रमबंधूंच्या वेगळ्या वर्गाकडे गेली. त्यांना ग्रंथ बाळगायची मुभा नव्हती आणि त्यांना पुरते मठवासीही होता येत नसे. काम जन्मभर एकाच्याच गळ्यात पडले की पाळीचा अर्थच उरत नाही.

पॅरिसच्या कार्मेलाईट मठातले ब्रदर लॉरेन्स अशाच खालच्या वर्गातले. तरुणपणी सैनिक, पुढे पायाने अधू. स्वयंपाकघराचा त्यांना मुळात तिटकारा होता, तरी तिथे त्यांनी सुमारे १५ वर्षे काढली. दारू खरेदीला पाठवले की पाय साथ देत नसल्याने नावेतल्या पिंपांवरून अंग सरकवत ते पुढे जात, आणि हे काम देवाचेच म्हणून करत. १६९१मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांचे विचार छापले गेले आणि आजवर वाचले जात आहेत. चुलीपाशी त्यांना देव सापडला, याबद्दल मला शंका नाही. पण म्हणून त्यांना तिथे जखडणारी व्यवस्था निर्दोष ठरत नाही. खुद्द कॅथलिक चर्चलाही ती खटकली, आणि १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने श्रमबंधूंना मठाच्या जीवनात जवळ घेण्याचा आदेश दिला.