घडीवरची सही

पिंपरी-चाकणच्या कामगाराला जॉबकार्ड ठाऊक असते : काम कोणी केले, तपासले कोणी. पॅराशूटचेही तसेच. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. अशा उडीतले धाडस आपल्या लक्षात राहते. छत्रीची घडी घालणारा रिगर राहत नाही. अमेरिकन नौदलाने १९२४ मध्ये लेकहर्स्टला रिगरांची शाळा काढली. तिथे आपण घडी घातलेल्या छत्रीनेच उडी मारावी लागे. आज अमेरिकेत राखीव छत्रीसोबतच्या कार्डावर रिगर तारीख घालून सही करतो, सील लावतो. पूर्वी १२० दिवसांनी, २००८ पासून १८० दिवसांनी ती उघडून पुन्हा बांधावी लागते. बंद पिशवीतली घडी उडी घेणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या हाती असते ती एवढीच नोंद. म्हणून, मंडळी, न तपासता सही करू नये.